१९३३च्या रकान्यातलं नाव

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जर्मनीच्या विजेत्या बॉक्सरांवर आलेला लेख आवडीने वाचला. मॅक्स श्मेलिंगवर भरपूर लिहिलंय आणि ते योग्यच आहे. १९३०मध्ये तो हेवीवेटचा जगज्जेता झाला आणि १९३६मध्ये त्याने न्यूयॉर्कला बाराव्या फेरीत जो लुईला लोळवलं, तेव्हा जगाने तोंडात बोटं घातली. पुढे दोन वर्षांनी त्याच लुईने त्याला पहिल्याच फेरीत संपवलं. श्मेलिंगवरून लेख एकदम हेन्री मास्केवर येतो. मधल्या काळातलं एक नाव मात्र राहून गेलं. मास्के ज्या लाइट हेवीवेट गटात १९९३ साली जगज्जेता झाला, त्याच गटाचा जर्मन राष्ट्रीय किताब साठ वर्षांपूर्वी ज्याने जिंकला होता, त्या योहान ट्रोलमानचं हे नाव. त्याच्याबद्दल लिहिल्यावाचून राहवेना, म्हणून हे पत्र.

ट्रोलमानचा जन्म २७ डिसेंबर १९०७चा. तो वाढला हॅनोव्हर शहरात, सिंटी समाजाच्या एका गरीब घरात. युरोपात ज्यांना ‘जिप्सी’ म्हणून हिणवलं गेलं त्या रोमा लोकांचीच ही जर्मनीतली शाखा. त्यांचे पूर्वज हजारएक वर्षांपूर्वी भारतातून निघाले आणि जर्मन भूमीत त्यांची पहिली नोंद सापडते ती १४०७ची. म्हणजे ट्रोलमान जन्मला तेव्हा त्याच्या लोकांना तिथे पाचशे वर्षं झाली होती. घरचे त्याला ‘रुकेली’ म्हणत. त्यांच्या भाषेत ‘रुक’ म्हणजे झाड.

हे वाचलं तेव्हा मी थबकलो. माझी आजी पेडण्याची. परसातल्या फणसाला ती ‘पणसाचो रूक’ म्हणायची. गोव्यात आजही झाडाला रूकच म्हणतात आणि आपल्या जुन्या मराठीतही रूख आहेच. नाकाला, कानाला, पाण्याला त्या लोकांचे शब्द काय आहेत ते एकदा बघावं. वेगळं शिकायची गरजच पडत नाही.

मी शाळेत क्रीडाशिक्षक होतो. बरीच वर्षं मुलांना बॉक्सिंग शिकवलं, त्यामुळे ट्रोलमानच्या खेळाबद्दल दोन शब्द लिहितो. नवा मुलगा आला की मी हातमोजे कपाटातच ठेवायचो. आधी फरशीवर खडूने रेघ मारायची आणि त्या रेघेवर त्याला पुढे-मागे चालायला लावायचं. डावा पाय पुढे, उजवी टाच उचललेली, आणि पायात पाय अडकता कामा नये. पंधरा दिवस नुसतं हेच चालायचं. पोरं वैतागायची, पण ठोसा पायातून येतो आणि समोरच्याचा ठोसाही पायांनीच चुकवायचा असतो. एकदा पायाला वळण लागलं की ते सुटत नाही. माझे काही विद्यार्थी आज चाळिशीत आहेत, रस्त्यात भेटले तरी त्यांची उभं राहण्याची ढब मी ओळखतो.

ट्रोलमानचं सगळं बॉक्सिंग पायांवर उभं होतं. रिंगभर नाचत राहायचं, प्रतिस्पर्ध्याला हवेत हात मारायला लावायचं, झटकन आत शिरून दोन लगावायचे आणि त्याने हात उचलायच्या आत बाहेर पडायचं. मुहम्मद अलीने हे जगाला दाखवलं ते तीस वर्षांनी. त्या काळच्या जर्मनीत समोरासमोर पाय रोवून ठोसे द्यायचे नि घ्यायचे, हीच मर्दानी लढत समजत. प्रेक्षक मात्र, विशेषतः बायका, ट्रोलमानवर फिदा असत. हौशी बॉक्सिंगमध्ये तो उत्तर जर्मनीत गाजत होता, तरी १९२८च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकला त्याला डावललं गेलं. पुढच्याच वर्षी तो व्यावसायिक झाला आणि बर्लिनला आला.

जानेवारी १९३३मध्ये हिटलर सत्तेवर आला. दोन-तीन महिन्यांत जर्मन बॉक्सिंग संघटनेने ज्यूंना हाकललं. लाइट हेवीवेटचा विजेता एरिख झेलिग ज्यू होता. त्याचा किताब गेला, त्याला देश सोडून पळावं लागलं. त्या रिकाम्या किताबासाठी ९ जून १९३३ रोजी बर्लिनच्या क्रॉइत्सबर्ग भागात, बॉक नावाच्या दारूच्या कारखान्याच्या आवारात लढत ठेवली होती. समोर होता कीलचा आडोल्फ विट, राज्यकर्त्यांच्या मनासारखा ‘शुद्ध’ जर्मन. ट्रोलमानने त्याला गुणांवर सरळसरळ मागे टाकलं. प्रेक्षकांत संघटनेचा नाझी अध्यक्ष बसला होता. त्याने पंचांवर दबाव आणला आणि लढत अनिर्णित जाहीर झाली.

मग लोक खवळले. आरडाओरडा इतका वाढला की प्रकरण हातघाईवर यायची वेळ आली आणि अखेर ट्रोलमानला विजेता जाहीर करावंच लागलं. बर्लिनच्या त्या साध्या तिकीट काढून आलेल्या माणसांचं मला फार कौतुक वाटतं. भर नाझी राजवटीत त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला निकाल बदलू दिला नाही. ट्रोलमान रिंगमध्येच रडला.

ते रडणंच पुढे त्याच्याविरुद्ध वापरलं गेलं. जेमतेम आठवड्याभरात संघटनेचं पत्र आलं, किताब काढून घेतला होता आणि रिंगमधलं अशोभनीय वर्तन हे त्याचं कारण दिलं होतं. विजेत्याच्या डोळ्यांत पाणी आलं, हा गुन्हा!

लगेच २१ जुलैला त्याची पुढची लढत लावली. प्रतिस्पर्धी गुस्ताव एडर, हाडं खिळखिळी करणारा ठोसेबाज. वर तंबी दिली की नाचायचं नाही, ‘जर्मन पद्धतीने’ उभं राहून लढायचं, नाहीतर परवाना रद्द. ट्रोलमान रिंगमध्ये आला तो केस पिवळेधमक रंगवून आणि अंगभर पांढरं पीठ फासून. तुम्हाला गोरा आर्य हवा ना, हा घ्या, असं तो न बोलता सांगत होता. मग तो रिंगच्या मध्यावर पाय रोवून उभा राहिला आणि ठोसे घेत राहिला. अंगावरचं पीठ प्रत्येक ठोशागणिक उडत होतं. पाचव्या फेरीत तो कोसळला.

ही हकिकत बऱ्याचदा गमतीदार किस्सा म्हणून सांगितली जाते. मला ती तशी कधीच वाटली नाही. ज्याचे पाय आयुष्यभर थांबले नाहीत, त्याने ते मुद्दाम थांबवायचे, येणारा ठोसा दिसत असताना बाजूला सरायचं नाही, हे किती अवघड असतं ते खडूच्या रेघेवर चाललेल्या कुणालाही विचारा. शरीर आपोआप हलतं. त्याला जागच्या जागी धरून ठेवणं ही त्या दिवशीची खरी लढाई होती आणि ती ट्रोलमान पाच फेऱ्या लढला.

यानंतर त्याची कारकीर्द बसली ती बसलीच. पुढचं थोडक्यात लिहितो, कारण ते लिहिताना हात जड होतो. त्याची सक्तीने नसबंदी करण्यात आली. बायको आणि लहानग्या मुलीवर संकट येऊ नये म्हणून १९३८मध्ये त्याने घटस्फोट घेतला. १९३९मध्ये त्याला सैन्यात भरती केलं, पूर्व आघाडीवर तो जखमी झाला. ज्या देशासाठी जखमी झाला त्याच देशाच्या पोलिसांनी १९४२मध्ये त्याला धरून हॅम्बुर्गजवळच्या नोयेनगामे छळछावणीत टाकलं. तिथला एक अधिकारी पूर्वी बॉक्सिंगचा पंच होता. त्याने ट्रोलमानला ओळखलं. दिवसभर ढोरमेहनत करून घ्यायची आणि संध्याकाळी एसएस या नाझी सशस्त्र दलाच्या जवानांना सरावासाठी त्याला उभं करायचं, असं सुरू झालं. सोबतच्या कैद्यांनी तो मेल्याची खोटी नोंद करून त्याला विट्टेनबेर्गेच्या छावणीत सरकवलं. तिथेही तो ओळखला गेला. एका कैदी मुकादमाशी त्याला लढावं लागलं. उपासमारीने खंगलेल्या ट्रोलमानने त्याला सगळ्यांदेखत पाडलं. त्याचा सूड म्हणून १९४४मध्ये त्या मुकादमाने मारहाण करून त्याचा जीव घेतला.

म्हणजे त्याची शेवटची लढतही त्याने जिंकलेलीच आहे. त्याच्यावर लिहिणारे बहुतेकजण छळछावणीपासून सुरुवात करतात, म्हणून मला हे मुद्दाम सांगायचंय. ट्रोलमानवर जे झालं ते जगाला कळायलाच हवं. पण तो विजेता होता, हे तितक्याच ठळकपणे लिहिलं गेलं पाहिजे. त्याच्याकडून तेच तर हिसकावून घेतलं होतं.

रोमा आणि सिंटी लोकांचा वंशसंहार झाला हे मान्य करायलाच जर्मन सरकारला १९८२ उजाडलं. बॉक्सिंग संघटनेला त्याहून उशीर झाला. २००३मध्ये, म्हणजे तब्बल ७० वर्षांनी, ट्रोलमानला अधिकृतपणे १९३३चा विजेता मानलं गेलं आणि पट्टा त्याच्या कुटुंबीयांच्या हाती दिला. २०१०मध्ये क्रॉइत्सबर्गच्या व्हिक्टोरिया बागेत, जुन्या लढतीच्या जागेजवळच, काही कलाकारांनी त्याच्या स्मरणार्थ एक रिंग उभारली होती. ती रिंग तिरकी होती, एक कोपरा जमिनीत रुतलेला. तिला नाव दिलं होतं ‘९८४१’, त्याचा छावणीतला कैदी क्रमांक.

लेखासोबत आपण विजेत्यांचा जो तक्ता छापला आहे, त्यात लाइट हेवीवेटच्या राष्ट्रीय किताबापुढे १९३३चा रकाना मोकळा आहे. एवढीच विनंती की चूकभूल म्हणून का होईना, तिथे ‘योहान ट्रोलमान, हॅनोव्हर’ असं छापावं. किताब काढून घेतल्याची नोंद करायची असेल तर जरूर करा, पण मग २००३मध्ये तो परत दिल्याचीही करा.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, सावंतवाडी