पहिले मेंबर जाहिरातीने नाही, ओळखीने येतात

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

हल्ली आपली मराठी मुलंमुली, आणि रिटायर झालेले कितीतरी शिक्षकसुद्धा, स्वतःची मेंबरशिप वेबसाइट काढायला लागलेत. कोणी पेटी शिकवतं, कोणी मोडी, कोणी पाचवीचं गणित, महिन्याची फी भरायची आणि आतले व्हिडिओ, नोट्स बघायच्या, प्रश्न विचारायचे. फार चांगली गोष्ट आहे ही. पण साइट सुरू झाली की पहिल्याच आठवड्यात हातातले सगळे पैसे फेसबुक-इन्स्टाच्या जाहिरातीत जातात आणि थोड्याच महिन्यांत साइट बंद पडते, हे मी आजूबाजूला इतक्यांदा बघितलंय की आता लिहावंसं वाटलं. माझं म्हणणं एवढंच की पहिले पन्नास-शंभर मेंबर एकेक करून, नावानिशी जमवावे लागतात आणि तोवर जाहिरातीला पैसा लावूच नये.

कारण सांगते, मी डिजिटल मार्केटिंगमध्येच नोकरी करते. जाहिरात कोणाला दाखवायची हे मेटाची, म्हणजे फेसबुक-इन्स्टाच्या कंपनीची, सिस्टिम अनुभवाने शिकते आणि त्यासाठी तिला आठवड्यात साधारण ५० रिझल्ट, म्हणजे आपण जे मागितलं ते करणारी माणसं, लागतात, असं मेटा स्वतःच सांगतं. आता महिन्याला १९९ रुपये फी असलेल्या नवीन साइटने आठवड्याला ५० मेंबर जाहिरातीतून आणायचे तर परवडणार कसं? मग स्वस्तात मिळतं ते मागितलं जातं, व्ह्यूज आणि लाइक्स. आपल्या मेंबरसारखीच माणसं शोधून दे म्हणावं तर त्यालासुद्धा आधी निदान १०० जणांची यादी द्यावी लागते. म्हणजे यादी आधी, जाहिरात नंतर. माझ्या ओळखीच्या एका मुलाला एका एजन्सीने रिपोर्ट दिला, त्यात रीच, म्हणजे जाहिरात दिसलेली माणसं, लाखाच्या घरात आणि पैसे भरलेले मेंबर बोटावर मोजण्याइतके, त्यातही अर्धे त्याचेच मित्र.

आता जे जमलं ते सांगते. माझी आत्या लालबागला बरीच वर्षं ब्लाउज कटिंगचा क्लास घ्यायची. चाळी पडल्या, टॉवर झाले, तिच्या विद्यार्थिनी विरार, डोंबिवली, बदलापूरला पांगल्या, आणि त्यांनीच आग्रह केला म्हणून आम्ही तिची साइट काढली. साइट लाइव्ह झाल्यावर आत्याने पहिलं काय केलं तर क्लासच्या जुन्या वह्या काढल्या, ज्यात प्रत्येकीचं नाव आणि मापं लिहिलेली, आणि एकेकीला फोन लावायला सुरुवात केली. फोनवर मेंबर हो असं ती म्हणायचीच नाही, विचारायची की शिवताना अडतं कुठे गं तुझं? बहुतेक जणींचं उत्तर एकच, बाही लावली की मुंढ्याला, म्हणजे बाही जोडतो त्या गोलाला, झोळ येतो. मग पहिला व्हिडिओ त्याचाच केला. एकच हात, खडू, टेप आणि अस्तराचा तुकडा, मुंढ्याचा गोल पुढच्या भागाला किती खोल घ्यायचा आणि मागच्याला किती, बाहीचा मध्य खांद्याच्या शिवणीवर कसा आणायचा, टाचण्या कुठून लावायला घ्यायच्या, बस, दुसरं काही नाही. हा व्हिडिओ आम्ही कुलपात ठेवला नाही, सगळ्यांना फुकट ठेवला, कारण अनोळखी बाईने आधी तिचा हात बघितल्याशिवाय पैसे का भरावेत?

त्या फोनवर दुसरा प्रश्न हमखास यायचा तो म्हणजे मी शिवलेल्या ब्लाउजचा फोटो साइटवर टाकला तर तो कोण कोण बघणार. हे आमच्या एकाही मीटिंगमध्ये निघालं नव्हतं. आत्याने लगेच नियम केला, ब्लाउज हँगरवर लावूनच फोटो काढायचा, अंगावरचा फोटो चालणार नाही, आणि आत एकही पुरुष मेंबर नाही. हे वाक्य साइटच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात टाकल्यावर ज्या बायका नुसतं बघते, सांगते करत होत्या त्यांनी पैसे भरले.

सुरुवातीला फक्त जुन्या विद्यार्थिनींनाच आत घेतलं. रात्री जेवणं आटोपली की त्या प्रश्न टाकायच्या, आत्या प्रत्येकीला स्वतः उत्तर द्यायची, त्यामुळे नंतर बाहेरच्या बायका आल्या तेव्हा आत सामसूम नव्हती, गप्पा चाललेल्या होत्या. पैसे भरून आत आलं आणि कोणीच नाही असं झालं की माणूस पुढच्या महिन्यात राहत नाही. मग दादरच्या हिंदमाता कापड बाजारातल्या एका मॅचिंग सेंटरवाल्या दादांनी काउंटरवर क्यूआर कोडचं कार्ड ठेवू दिलं, अस्तर आणि ब्लाउजपीस घ्यायला येणारी बाई म्हणजे नेमकी आमचीच बाई, आणि तो कोड पैसे भरायच्या पानावर नाही तर त्या मुंढ्याच्या व्हिडिओवर जातो, हे महत्त्वाचं. व्हॉट्सॲपचं म्हणाल तर न विचारता कोणाला ग्रुपमध्ये घेऊ नका, बायका चिडतात आणि गुपचूप ब्लॉक करतात. ब्रॉडकास्ट लिस्ट करा, त्यात एकच मेसेज प्रत्येकीला वेगळा जातो, पण तिचा मेसेज फक्त तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच पोचतो आणि एका लिस्टमध्ये २५६ च जण बसतात, म्हणून आधी नंबर सेव्ह करायला सांगा.

आपल्याकडे हे नवीन थोडंच आहे? ग्रंथाली या प्रकाशन संस्थेने सत्तरच्या दशकात वाचकांनाच सभासद करून घेतलं आणि वाचक चळवळ उभी केली, १९६८ ला सुरू झालेली फिल्म सोसायटी प्रभात चित्र मंडळ, तेही सभासदांच्याच बळावर उभं राहिलं. प्रकाशक प्रकाशनपूर्व सवलत देतात तीच पद्धत इथे वापरावी, सवलतीचा दर किती, कोणत्या तारखेपर्यंत हे लिहून टाकायचं आणि पाळायचं. तारीख उलटली तरी आज रात्री शेवटची संधी, फक्त ३ जागा शिल्लक असं टाकत राहणं मला अजिबात पटत नाही आणि ते नियमातही बसत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ च्या नोव्हेंबरात १३ डार्क पॅटर्नवर, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांवर, बंदी घातलीय, त्यात ही खोटी घाई आहे आणि मेंबरशिप बंद करणं मुद्दाम अवघड ठेवणंही आहे.

पैसे आपोआप कापले जातील ही भीती तर घरोघरी आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ऑटो-डेबिटच्या २४ तास आधी ग्राहकाला कळवावं लागतं आणि ते कधीही बंद करता येतं, हे पैसे घेतानाच साध्या मराठीत सांगितलं पाहिजे. आम्ही तर ऑटो-डेबिट ठेवलंच नाही, तीन महिन्यांची फी एकदाच यूपीआयने घेतो, संपली की आत्या फोन करते. यात कटकट आहे, वेळ जातो, पण कोण का सोडून गेलं हे त्या फोनवरच कळतं, आणि पुढचे व्हिडिओ त्यावरूनच ठरतात.

एक विनंती आपल्या पेपरलाही आहे. कोणाला किती कोटींचं फंडिंग मिळालं याच्या बातम्या येतात त्या येऊ देत, पण अशा छोट्या साइट चालवणाऱ्यांसाठी आठवड्यातून एकदा पुरवणीत कोपराभर जागा द्या, ज्यात साइट कशाची, फी किती, फुकट काय बघायला मिळतं आणि बंद कशी करायची एवढं छापलं तरी पुरे. आणि मुंबईतल्या वाचनालयांनी, महिला मंडळांनी महिन्यातून एका संध्याकाळी आपला हॉल अशा माणसांना द्यावा, तासभर समोर बसून शिकवू द्यावं. या प्रस्तावावर इतर वाचकांनीही लिहावं ही विनंती.

आपली,
एक वाचक, लालबाग, मुंबई