आखाजीला माहेरी येताना गाडीतल्या लहान कुत्र्याचाही विचार करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तीन-चार आठवड्यांवर आली. पुण्या-नाशकाहून, सुरतेहून लेकीबाळी खान्देशात माहेरी येतील. मी शिरपूरचा. भाड्याची गाडी चालवतो, आणि या दिवसांत माझी गाडी सतत मुंबई-आग्रा रस्त्यावरच असते. अलीकडे माहेरवाशिणीबरोबर मुलं आणि पिशव्यांच्या जोडीला एखादं लहान कुत्रंही येतं. पॉमेरेनियन, पग, शिह त्झू, नाहीतर गल्लीतून उचलून जीव लावून वाढवलेलं गावठी पिल्लू. यातली बरीच कुत्री गाडीत बसल्यापासून भेदरलेली असतात आणि घर येईपर्यंत तशीच राहतात. मला ते बघवत नाही, म्हणून हे पत्र.

मागच्या उन्हाळ्यात पुण्याहून एक कुटुंब आणलं, सोबत पांढरीशुभ्र पॉमेरेनियन. चाकण सुटायच्या आत तिनं ओठ चाटायला सुरुवात केली. मग जांभयांवर जांभया. मुलं म्हणाली, हिला झोप आली. ती झोप नव्हती. सीटच्या रेक्झिनवर तिच्या पंजांचे ओले ठसे उमटत होते, कारण कुत्रं घाबरलं की त्याच्या तळपायांना घाम सुटतो. नारायणगावच्या पुढे तोंडातून लाळेची तार लागली, आणि चंदनापुरीच्या घाटात ती ओकली. सगळे तिच्यावर ओरडले. ती सीटखाली घुसली, ती धुळ्यापर्यंत बाहेर आली नाही.

शिरपुरातले एक पशुवैद्य माझ्या गाडीनं नेहमी जातात. त्यांनी मला समजावून सांगितलं की यात दोन गोष्टी एकत्र झालेल्या असतात. एक म्हणजे गाडी लागणं. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग आणि डोळे यांचा मेळ बसत नाही, म्हणून मळमळतं. पिल्लांना हा त्रास जास्त होतो आणि मोठेपणी अनेकांचा कमीही होतो. दुसरी गोष्ट भीती. एकदा गाडीत मळमळलं की पुढच्या वेळी दार उघडतानाच कुत्रं थरथरायला लागतं. त्यातून ज्या कुत्र्याला गाडीत फक्त इंजेक्शनसाठी बसवलं जातं, त्याच्या लेखी गाडी म्हणजे सुईच.

म्हणूनच माझं म्हणणं आहे की कुत्र्याची तयारी आजपासून करा, निघायच्या सकाळी नको. पहिले काही दिवस उभ्या गाडीचं दार उघडं ठेवून त्याला जवळ खाऊ द्या. स्वतःहून आत चढलं की तिथेच खाऊ द्या आणि लगेच उतरू द्या. मग नुसतं इंजिन चालू करून दोन मिनिटं बसा. मग गल्लीच्या टोकापर्यंत, मग एखाद्या बागेपर्यंत, आणि तिथे त्याला मनसोक्त हुंगू द्या. कुठल्याही पायरीवर ते धापा टाकायला लागलं तर एक पायरी मागे या. घाई केली की केलेलं सगळं वाया जातं. स्वतःची गाडी नसेल तर शेजाऱ्याची उभी गाडी मागा. कुणी नाही म्हणणार नाही.

गोळ्यांबद्दल मला कळकळीनं सांगायचं आहे. माणसाची गाडी लागण्याची गोळी अर्धी मोडून कुत्र्याला देणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून असं करू नका. चार-पाच किलोच्या जीवाला किती औषध द्यायचं ते डॉक्टरच ठरवू शकतो, आणि पॅरासिटामॉलसारखी आपली साधी गोळीसुद्धा कुत्र्याला विषारी ठरू शकते. उलटी थांबवायला मॅरोपिटंट नावाचं कुत्र्यांसाठीचं औषध आहे, पण त्यानं भीती जात नाही. भीतीवरची औषधं वेगळी असतात. नुसत्या गुंगीच्या औषधानं कुत्रं निपचित पडतं, पण आतून घाबरलेलंच असतं. डॉक्टरांनी काही दिलंच तर ते प्रवासाआधी एकदा घरी देऊन बघायचं, कसं मानवतं ते कळतं.

निघायच्या आधी तीन-चार तास पोटभर खायला देऊ नका, पाणी मात्र द्या. कुत्र्याची जागा मागच्या सीटवर. छातीला बसणारा पट्टा घालून तो सीटबेल्टला अडकवा. गळ्याच्या पट्ट्याला बांधलं तर ब्रेक लागताच मानेला हिसका बसतो. पुढच्या सीटवर मांडीत घेऊच नका, एअरबॅग उघडली तर एवढासा जीव वाचत नाही. जाळीची पेटी असेल तर उत्तमच, तीही बेल्टनं आवळलेली, आणि आत त्याच्या रोजच्या अंथरुणातली न धुतलेली गोधडी. घरचा वास त्याला धीर देतो. उन्हाच्या बाजूला सुती फडकं टाका, हवा खेळती ठेवा. जवळ एकच शांत माणूस बसावा. हात त्याच्या छातीवर ठेवून हळू बोलावं. जवळ घेतल्यानं भीती वाढते असं काहींना वाटतं, ते खरं नाही. ओरडल्यानं मात्र नक्की वाढते.

आता माझ्या चालक बांधवांना. कुत्रं बसणार असेल तर डॅशबोर्डवरचं अत्तर काढून ठेवा आणि उदबत्ती लावू नका. आपल्याला सुवास वाटतो, त्याला तो सोसत नाही. ब्रेक हळू दाबा, राहुड घाटात, लळिंगला वळणं सावकाश घ्या. आणि हॉर्न. कुत्र्याला आपल्यापेक्षा कितीतरी वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येतात. आपण ट्रकमागे उभे असताना तो सुरांचा हॉर्न वाजतो तेव्हा आपल्याच कानठळ्या बसतात, मग त्याचं काय होत असेल? एकामागून एक वेगवेगळे सूर काढणारे हॉर्न केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या ११९ व्या नियमानं बंद आहेत. तरी ते सर्रास वाजतात. परिवहन विभागानं लग्नसराईच्या या दिवसांत तरी महामार्गावर तपासणी करावी, ही विनंती.

सगळ्यात मोठी काळजी धाब्याची. शेवभाजी सांगायची, ती यायची, गरम भाकऱ्या यायच्या, अर्धा-पाऊण तास सहज जातो. आणि कुत्रं बंद गाडीत. उभ्या गाडीतलं तापमान दहा मिनिटांत बाहेरच्यापेक्षा सुमारे दहा अंशांनी वाढतं, काच बोटभर खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. आपल्याकडे बाहेरच त्रेचाळीस-चव्वेचाळीस असतं. पग आणि शिह त्झूसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धापा टाकूनही अंग नीट थंड करता येत नाही, ती सर्वात आधी आडवी होतात. म्हणून आळीपाळीनं जेवा, एकानं कुत्र्याला घेऊन लिंबाखाली बसावं. दार उघडण्याआधी साखळी हातात घ्या, घाबरलेलं कुत्रं महामार्गाकडेच पळतं. ते लडखडू लागलं, हिरड्या लालभडक झाल्या तर अंगावर साधं गार पाणी ओता, वारा घाला आणि तसंच दवाखाना गाठा. शक्य असेल तर पहाटे चारला निघा. मला कुणी पहाटेची गाडी सांगितली तर मी कधी कुरकुर करत नाही.

माहेरी पोचल्यावरही थोडं सांभाळा. आखाजीला घरोघरी आमरस आणि खापराची पुरणपोळी असते, आणि लाडानं कुत्र्यापुढेही टाकली जाते. आंब्याची कोय गिळली तर लहान कुत्र्याच्या आतड्यात अडकते आणि ऑपरेशनची वेळ येते. परतीच्या आदल्या दिवशी गोडधोड नकोच. आणि मुक्कामात रोज एकदा त्याला उभ्या गाडीत बसवून खाऊ देत जा, म्हणजे परतीचा प्रवासही सोपा जाईल.

गाडी ठरवतानाच चालकाला सांगा की बरोबर कुत्रं आहे, किती मोठं आहे, त्याला गाडी लागते का. आम्हाला आधी कळलं तर गाडी थंड करून आणतो, मागच्या सीटवर जुनी चादर अंथरतो, थांबायला सावलीची जागा हेरून ठेवतो. त्यासाठी जास्तीचे पैसे मी घेत नाही, आणि इतर चालकांनीही घेऊ नयेत.

आपला,
एक प्रवासी गाडीचालक,
शिरपूर, जि. धुळे