पिरॅमिडच्या पायातले 71 इंच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतील पिरॅमिडवरच्या लेखात खुफूच्या पिरॅमिडच्या पायात वर्षाचे 365.242 दिवस दडलेले आहेत, असे पुन्हा एकदा छापून आले. हे गणित स्कॉटलंडचे खगोलशास्त्रज्ञ पियाझी स्मिथ यांनी 1864 मध्ये मांडले आणि 1883 मध्ये ते मोडीत निघाले. मोडीत काढणारे ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पीट्री हे स्मिथ यांच्या विरोधी गोटातले नव्हते, उलट त्यांचे वडील स्मिथ यांच्या मताचे होते. लेखात पीट्री यांचे नावही नाही, म्हणून हे पत्र.

स्मिथ यांच्या हिशेबाने बाजूच्या लांबीला सुमारे 25 इंचांच्या मापाने भागले की वर्षाचे दिवस यावेत, म्हणजे पायाची प्रत्येक बाजू सुमारे 9140 इंच हवी. पीट्री डिसेंबर 1880 मध्ये गिझाला पोहोचले तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. शाळेचे शिक्षण नाही, मोजणी वडिलांकडून शिकलेली, स्टोनहेंजचे दगड आधीच मोजून झालेले. खडकात कोरलेल्या एका जुन्या थडग्यात राहून त्यांनी दोन हिवाळे काम केले.

पायाच्या बाजूला सरळ टेप लावणे शक्यच नव्हते. चारही बाजूंच्या मध्यभागी दगडमातीचे मोठे ढीग साचले होते. म्हणून त्यांनी तिन्ही पिरॅमिडांभोवती ठाणी ठरवून त्रिकोणांचे जाळे बांधले आणि दहा इंची थिओडोलाइटने, म्हणजे कोन मोजण्याच्या दुर्बिणीच्या यंत्राने, एकेक कोन पुन्हा पुन्हा वाचला. आतल्या दालनांची मापे प्रवासी गेल्यावर, रात्री घेतली. सोबतीला अली गाब्री होते. त्यांनी पूर्वी स्मिथ यांच्या मोजणीतही मदत केली होती.

खरी मेख कोपऱ्यांत होती. खडकात कोपऱ्यांवर खोबणी कोरलेल्या आहेत आणि आधीचे लोक त्यांच्या बाहेरच्या कडांनाच पाया धरत. पण या खोबणी एका पातळीत नाहीत. फरसबंदीपेक्षा नैऋत्येची सुमारे 23 इंच खाली, आग्नेयेची जवळजवळ 40 इंच खाली. पिरॅमिडचा उतार 51 अंश 52 मिनिटांचा, म्हणजे एक इंच खाली उतरले की कड पाऊण इंचाहून थोडी जास्त बाहेर सरकते. खोबणींवरून मोजले तर बाजू सरासरी 9125.9 इंच येते. पीट्री यांनी ढिगाऱ्यात खड्डे घेऊन आच्छादनाचे (पिरॅमिडच्या बाहेरच्या गुळगुळीत थराचे) दगड जिथे फरसबंदीला टेकतात ती रेघ शोधली. त्या रेघेवर बाजू भरली 9068.8 इंच. स्मिथ यांच्या आकड्याहून 71 इंच कमी. वर्षाचे दिवस तिथेच निसटले. पुढे 1925 साली झालेल्या मोजणीत या सरासरीत जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरांचा फरक निघाला.

मग पाया कशात मोजला होता? पिरॅमिडच्या आतल्या राजाच्या दालनावरून पीट्री यांनी इजिप्तचा शाही हात, म्हणजे लांबीचे जुने माप, 20.62 इंचांचा काढला. दालन बरोबर 20 हात लांब, 10 हात रुंद. पाया 440 हात, उंची 280 हात. गवंड्याच्या तोंडी शोभावेत असे हे सरळ आकडे आहेत, आणि कुठल्याही गूढापेक्षा मला ते अधिक थक्क करतात. त्याच आच्छादनाच्या दगडांचे सांधे सरासरी अर्ध्या मिलिमीटरचे, आणि तेवढ्या फटीतही लेप भरलेला आहे.

पीट्री यांचे सर्वांत मोठे काम मात्र पिरॅमिडचे नाही, मडक्यांचे आहे. 1894-95 मध्ये इजिप्तमधील नकादा येथे दोन हजारांहून अधिक कबरी उघडल्या. ना लेख, ना राजांची नावे. त्यांनी आधी चूकही केली: हे लोक बाहेरून आलेली 'नवी जमात' आहेत असे छापले. ते राजघराण्यांच्याही आधीचे आहेत हे फ्रेंच पुरातत्त्वज्ञ जाक द मॉर्गन यांनी दाखवले, आणि पीट्री यांना ते मान्य करायला वेळ लागला. त्यानंतर कबरींचा जुन्या-नव्याचा क्रम लावण्याची युक्ती अशी. मडक्यांचे नऊ वर्ग आणि सातशेहून अधिक प्रकार पाडले. ज्या कबरीत निदान पाच वेगवेगळे प्रकार आहेत अशा 900 कबरी निवडल्या. प्रत्येक कबरीसाठी सात इंच लांब पुठ्ठ्याची एक पट्टी, पट्टीवर वर्गवार रकाने. पट्ट्या एकाखाली एक मांडायच्या आणि एकाच प्रकाराची मडकी शेजारी शेजारी येईपर्यंत सरकवत राहायच्या. कणा म्हणून लाटेदार कानांची मडकी धरली. सुरुवातीला पोट गोल आणि हाताने धरता येईल असा उठावदार कान. मग पोट आक्रसत जाते, कान चपटा होतो, आणि शेवटी उभ्या नळकांड्यावर नुसती एक नागमोडी रेघ उरते.

या क्रमाला त्यांनी 30 ते 80 असे आकडे दिले आणि 1 ते 29 मोकळे ठेवले, पुढे आणखी जुने काही सापडेल म्हणून. 1920 च्या दशकात इजिप्तमध्येच बदारी येथे त्याहून जुनी मडकी सापडली आणि त्या मोकळ्या जागेत बसली. पद्धतीतला दोषही सांगायला हवा. प्रत्येक टप्प्यात कबरींची संख्या सारखी आहे, वर्षांची नाही. त्यामुळे 40 ते 50 आणि 50 ते 60 यांत किती काळ गेला हे त्या आकड्यांवरून कळत नाही. 1957 मध्ये जर्मन संशोधक व्हर्नर कायझर यांनी इजिप्तमधील आर्मांतच्या दफनभूमीच्या आधारे टप्पे नव्याने पाडले. क्रम लावण्याची मूळ कल्पना मात्र टिकली. आपल्याकडे संगमनेरजवळच्या जोर्वे गावाचे नाव एका संस्कृतीला मिळाले, तेही लाल अंगावर काळी नक्षी असलेल्या खापरांमुळेच.

खोदकामात मजुराला सापडलेल्या वस्तूची बाजारात जी किंमत येईल ती पीट्री स्वतः त्याला देत. शब्दही आपलाच, बक्षीस. नाही दिले तर वस्तू रातोरात दलालाकडे जाते आणि ती कुठल्या कबरीतली हे कायमचे पुसले जाते, हे त्यांना ठाऊक होते. त्याच पीट्री यांनी वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पना आयुष्यभर बाळगल्या. तेही लेखात यावे, झाकू नये.

पुरवणीत पुन्हा इजिप्त येईल तेव्हा पिरॅमिडच्या फोटोशेजारी लाटेदार कानांच्या पाच-सहा मडक्यांची ओळ छापावी, गोल पोटापासून नळकांड्यापर्यंत, डावीकडून उजवीकडे.

आपला,
एक वाचक, पुणे