लिहू दे त्याला

पुणे, रविवार

प्रिय सुधीर,

तुझं पत्र मिळालं. तुझा ओंकार शेजारच्या खोलीतून तुला व्हॉट्सअ‍ॅपवर लांबलचक मेसेज करतो आणि जेवायला बसल्यावर मात्र मान वर करत नाही, म्हणून वहिनी काळजीत आहेत. मोबाइल काढून घ्या म्हणजे आपोआप बोलायला लागेल, असं दादांचं म्हणणं. ओंकारसारखाच मीही ऑटिस्टिक आहे म्हणून तू मला विचारलंस, ते बरं केलंस. मोबाइल काढून घेऊ नका. लिहू दे त्याला.

बोलताना आमचं काय होतं ते सांगतो, निदान माझं तरी. तू सहज विचारतोस, "आज शाळेत काय झालं?" मला आधी तुझा आवाज पंखा, टीव्ही आणि कुकरची शिट्टी यांतून वेगळा काढावा लागतो. त्याच वेळी तुझ्या चेहऱ्याकडे बघायचं असतं, कारण न बघणं हा उद्धटपणा ठरतो. मग 'काय झालं' म्हणजे तुला नेमकं काय हवंय ते ठरवायचं. गणिताचा तास, डबा, की कुणी चिडवलं ते? वाक्य कसंबसं जुळत आलेलं असतं, तेवढ्यात तू म्हणतोस, "अरे, तुलाच विचारतोय!" की सगळं पुन्हा पहिल्यापासून. चार लोक बसलेले असतील तर मी बोलायला तोंड उघडेपर्यंत विषय बदललेला असतो. लिहिताना प्रश्न डोळ्यांसमोर जागच्या जागी राहतो. कुणाच्या भुवया बघाव्या लागत नाहीत. चुकलेलं वाक्य खोडता येतं, आणि ते चुकलं होतं हे कुणाला कळतही नाही.

मागच्या वर्षी माझं पोट दुखायला लागलं, ते तुला माहीतच आहे. रात्री कॅज्युअल्टीत गेलो तेव्हाचं मात्र सांगितलं नव्हतं. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी कुठे दुखतंय, कधीपासून, उलटी, ताप, सगळं एका दमात विचारलं. वर ट्यूबलाइट घूं घूं करत होती, शेजारच्या खाटेवर कुणीतरी ओरडत होतं. माझी वाचाच बसली. सगळं कळत होतं, पण जिभेपर्यंत काही पोचेना. "यांना ऐकू येत नाही का?" असं त्यांनी बायकोला विचारलं. मी तिच्याकडून पेन घेतलं आणि केसपेपरच्या पाठीमागे लिहिलं : 'काल संध्याकाळपासून. आधी बेंबीपाशी, आता उजवीकडे खाली. हात दाबून सोडला की जास्त. उलटी दोनदा, ताप आहे.' डॉक्टरांनी ते वाचलं आणि लगेच सर्जनना फोन लावला. अपेंडिक्स होतं. एरवी ऑफिसात मी दिवसभर बोलतो, मीटिंगा घेतो, म्हणून लोकांना हे खरं वाटत नाही. पण थकलो, घाबरलो, आवाज वाढले की बोलणं सगळ्यात आधी जातं. लिहिणं बराच वेळ टिकतं.

असं फक्त माझंच होतं असं नाही. २०२१ साली ब्रिटनमधल्या दोन संशोधक बाईंनी २४५ ऑटिस्टिक प्रौढांना विचारलं होतं, तुम्हाला कोणत्या मार्गानं बोलणं जमतं? कार्यालयं, डॉक्टर, अनोळखी लोक यांच्याशी ई-मेल बरा, असं बहुतेकांनी सांगितलं. फोन सगळ्यांत नकोसा. घरच्यांशी आणि मित्रांशी मात्र समोरासमोर बोलणंही चालतं, लिहिणंही चालतं. हे वाचून मला फार हायसं वाटलं होतं. ओंकार तुझ्याशी लिहितोय म्हणजे तुला टाळतोय, असा अर्थ काढू नकोस.

लिहायची सवय लागली तर बोलणं बंदच होईल, ही वहिनींची भीती मला समजते. पण चित्रं, पाट्या, यंत्रं अशा बोलण्याच्या इतर साधनांवर झालेले अभ्यास २००६ आणि २००८ साली एकत्र तपासले गेले, तेव्हा त्यामुळे मुलांचं बोलणं कमी झाल्याचं दिसलं नाही. काहींचं थोडं वाढलंच. स्पीच थेरपी चालू असेल तर चालू ठेवा, पण थेरपिस्टना सांगा की हा लिहून बोलतो, तेही तासात घ्या.

नात्यातल्या कुणीतरी एक ठिकाण सुचवलंय, तिथे ताई मुलाचा हात धरून त्याच्याकडून टाइप करून घेतात, असं तू लिहिलंयस. तिथे जाऊ नकोस. १९९०च्या दशकात याच्या चाचण्या झाल्या होत्या. मुलाला एक चित्र दाखवलं आणि हात धरणाऱ्याला दुसरं, तर कागदावर हात धरणाऱ्यानं पाहिलेलं चित्र उतरलं. अमेरिकेतल्या स्पीच थेरपिस्टांच्या संघटनेनं २०१८ साली या पद्धतीविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली. ओंकार स्वतःच्या बोटांनी, एकटा बसून लिहितो. त्याचं बोलणं त्याचंच राहू दे.

आणि काय सुंदर लिहितो रे तो! आजोबांच्या तेराव्याला तो गच्चीवर जाऊन बसला, तेव्हा 'या पोराला काहीच वाटत नाही' असं कोण कोण म्हणालं, तेही तू लिहिलंयस. त्याच रात्री त्यानं तुला पाठवलेला मेसेज मी परत परत वाचला : 'खाली खूप आवाज होता म्हणून मी वर गेलो. मला रडू आलं नाही. पण सकाळी सहाला आजोबांचा रेडिओ लागायचा, तो आता लागत नाही म्हणून मी सहाला उठतो आणि मग झोप येत नाही.' सुधीर, त्या घरात त्या दिवशी एवढं खरं कोण बोललं असेल?

फक्त एक विनंती. हे मेसेज कुटुंबाच्या ग्रुपवर टाकू नकोस. मला पाठवलास तोही यापुढे त्याला विचारून पाठव. मावशी-काकूंनी त्याच्यासमोर "किती छान लिहिलंस रे" म्हटलं की तो लिहिणंही बंद करेल. शुद्धलेखन सुधारू नकोस. एका वेळी एकच प्रश्न विचार, आणि निळ्या खुणा दिसल्या म्हणून उत्तराचा तगादा लावू नकोस. तसं केलंस तर चॅटही बोलण्याइतकाच जाचक होतो. व्हॉइस मेसेज तर मुळीच नको. आणि तू खरंच त्याला लिहून उत्तर दे, अगदी शेजारच्या खोलीतून. तो लिहिणार आणि तू ओरडून उत्तर देणार, हे त्याला परकं वाटतं. कधी तो आपणहून तोंडानं बोलला तर "बघ, येतं की बोलता!" असं म्हणू नका. नुसतं उत्तर द्या.

प्रत्येक ऑटिस्टिक माणसाला लिहिणं सोपं जातं असं नाही. काहींना अक्षरंच जड जातात, त्यांना चित्रं लागतात. आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो नावाचं अ‍ॅप त्यासाठीच आहे, चित्रावर बोट ठेवलं की ते मराठीतही बोलतं. काही जण घडाघडा बोलतात आणि लिहायला बसले की अडतात. ओंकारचं मात्र स्पष्ट दिसतंय.

आता शाळेचं. मराठीची तोंडी परीक्षा २० गुणांची, आणि बाई सगळ्या वर्गासमोर उभं करतात म्हणालास. आत्ता नववी आहे, हातात वेळ आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, आणि 'संवाद' म्हणजे काय हे सांगताना त्या कायद्यानं लेखी मजकूरही धरलाय. मुख्याध्यापकांना त्याच कायद्याचा आधार देऊन अर्ज कर. प्रश्न लिहून द्यावेत, उत्तर लिहून घ्यावं किंवा निदान एकट्याला वेगळ्या खोलीत बसवून घ्यावं, असं माग. सोबत त्याच्या दिव्यांग प्रमाणपत्राची प्रत जोड आणि अर्जाची पोच घे. अर्जाचा मसुदा मी करून देतो, या आठवड्यात पाठवतो. बाईंशी भांडू नकोस, त्यांना बहुधा कुणी सांगितलंच नसेल.

दिवाळीत नाशिकला येतोय. ओंकारला माझा नंबर दे. त्याला रेल्वेच्या वेळापत्रकांचं वेड आहे ना, मलाही लहानपणी होतं. मनमाडला गाड्या कशा वळवतात ते त्याच्याकडून समजून घ्यायचंय. मेसेज करायचा की नाही, ते मात्र त्याचं त्याला ठरवू दे.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
मिलिंद