यांगची पोरगी आणि आपलं वावर

चि. गौरी,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीत तू विचारलं होतंस, अकोल्याचं शिक्षण झालं की मी वावर पाहू का? तेव्हा मी काही बोललो नाही. आता कापसाची वेचणी आटोपली, निवांत लिहितो.

त्या सुट्टीत तू फोनवर 'फायनल फँटसी फोर: द आफ्टर इयर्स' खेळायचीस आणि मी बाजूला बसून पाहायचो. मूळ 'फायनल फँटसी फोर' १९९१ चा, आणि हा त्यातल्या माणसांच्या लेकरांचा, सतरा वर्षांनंतरचा. जपानात २००८ पासून मोबाइलवर एकेक भाग सुटा निघाला, हे तूच सांगितलंस. तुला सेसिल राजाचा पोरगा सिओडोर आवडला. माझा जीव फाबुलचा राजा यांग याच्यात अडकला. त्याची पोरगी उर्सुला लढायची विद्या शिकव म्हणून मागं लागलेली, आणि बाप नाही म्हणतो. राजकन्येसारखी राहा म्हणतो. तू त्याच्यावर चिडली होतीस. मला त्याचं म्हणणं पटलं, अजूनही पटतं. ज्यानं मार खाल्लाय त्यालाच माहीत.

२०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीचं विष अंगात जाऊन माणसं दगावली. तू लहान होतीस. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, डोक्याच्या वर गेली होती. पाठीवर पंप, नळी वर धरलेली, वारा सुटला की फवारा आपल्याच तोंडावर. मीही तशीच फवारणी केली. शर्ट पाठीला चिकटायचा, रात्रभर डोळे चुरचुरायचे, तुझी आई ते कपडे घराबाहेर वेगळे धुवायची. वरून गुलाबी बोंडअळी. बोंड दिसायला हिरवंगार, फोडलं की आत कवडी, किडका कापूस. असं वावर पोरीच्या हाती द्यायला बापाचा हात धजत नाही.

पण उर्सुला हटली नाही, आणि शेवटी यांगनंच तिला शिष्य केलं. मी यावर बराच विचार केला. पोरगी जाणारच असेल तर अर्धवट शिकून जाऊ नये, एवढंच त्याच्या मनात आलं असेल. माझ्याही मनात तेच आहे. तेव्हा ये.

त्या खेळात चंद्राच्या कलेप्रमाणं लढाईतलं बळ कमीजास्त होतं, तंबूत मुक्काम केला की कला पुढं सरकते. ते पाहून मला फार बरं वाटलं होतं. आपल्याकडं अमावस्या पाहूनच फवारणी ठरते; अंधाऱ्या रात्री बोंडअळीचे पतंग जास्त अंडी घालतात, असं आबा सांगायचे. तू कामगंध सापळ्यातले, म्हणजे मादीच्या वासावर येऊन अडकलेले पतंग मोजतेस, सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले तर फवारणी. तुझं मोजणं आणि आबांची अमावस्या एकाच वहीत लिहू, दोन-तीन हंगामांत कळेलच.

फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेली कपाशी, मात्र ठेवायची नाही, भाव कितीही चढू दे. डिसेंबर संपला की पऱ्हाटी उपटायची. मजुरीचा आणि खताचा हिशेब तुझ्याकडे. पंप सध्या तुझ्या पाठीवर येणार नाही, यावर आईशी वाद घालू नकोस, ती माझ्याहून पक्की आहे.

येताना कृषी विद्यापीठातून 'पीकेव्ही तारा' तुरीचं बियाणं मिळालं तर घेऊन ये. नाल्याकडच्या पट्ट्यात किती ओळी घालायच्या ते तू ठरव.

तुझा,
बाबा