सुवेझच्या पूर्वेचा अर्धवट निरोप

महोदय,

एलिफंटाच्या लाँचसाठी परवा गेटवे ऑफ इंडियाजवळ रांगेत उभा असताना मी नातवाला सांगितले की, २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिशांची शेवटची पलटण याच कमानीतून मायदेशी निघाली. त्याने विचारले, “आजोबा, मग ते सगळे घरी गेले?”

पलटण गेली, साम्राज्याची सवय मात्र सिंगापूर, मलाया, एडन येथे मुक्कामाला राहिली. नोव्हेंबर १९६७ मध्ये पौंडाचे अवमूल्यन झाले आणि दोनच महिन्यांत पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी १९७१ अखेरपर्यंत सुवेझ कालव्याच्या पूर्वेकडील प्रमुख लष्करी तळ सोडण्याची घोषणा केली, म्हणजे ही माघार तत्त्वाने नव्हे, तर रिकाम्या तिजोरीने घडवली, असे माझे मत आहे. हाँगकाँग तर १९९७ पर्यंत सुटले नाही.

पण खरा प्रश्न हिंदी महासागरातील चागोस बेटांचा आहे. १९६५ मध्ये, मॉरिशसच्या स्वातंत्र्याच्या तीन वर्षे आधी, ब्रिटनने ती मॉरिशसपासून तोडली आणि त्यांतील दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकी तळ उभारता यावा म्हणून तेथील रहिवाशांना, त्यांची पाळीव कुत्री मारून, जहाजांतून मॉरिशस व सेशेल्सला धाडण्यात आले. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ मध्ये हे विलगीकरण बेकायदेशीर असल्याचे मत दिले. मे २०२५ मध्ये झालेल्या करारात सार्वभौमत्व मॉरिशसला आणि तळ ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने ब्रिटनकडे, अशी तरतूद आहे. मालक कोण आणि कब्जा कोणाचा, यातला फरक पागडीच्या चाळीत आयुष्य काढलेल्या आम्हा मुंबईकरांना समजावून सांगावा लागत नाही.

– एक वाचक, गिरगाव, मुंबई