राईबद्दल, सभेच्या आधी

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

देवळाच्या नव्या मंडपासाठी देवराईतली झाडं काढायचा विषय सभेत येणार, असं बाबा फोनवर म्हणाले. तेव्हापासून जिवाला चैन नाही, म्हणून लिहिते.

देऊळ दुरुस्त व्हायलाच हवं. पावसात गाभाऱ्यात पाणी येतं, ते मीही पाहिलंय. पण मंडप रस्त्याकडच्या मोकळ्या जागेतही होईल. राई मात्र दुसरीकडे उभी करता येणार नाही. तिथले हिरडे, जांभळी, गारंबीचे वेल आपल्यापैकी कुणी लावलेले नाहीत. खाली पालापाचोळ्याचा जाड थर आहे, तो आपल्याकडचा धो धो पाऊस जिरवून धरतो, म्हणून खालचा झरा वैशाखातही आटत नाही. झाडं गेली की पहिल्याच पावसाळ्यात ती माती ओढ्याला जाईल.

बाबा, खानापूरचं रान फक्त आपलं नाही. कणकुंबीला उगवलेली मलप्रभा पूर्वेकडे कृष्णेला मिळते, वाटेत हुबळी-धारवाडची तहान भागवते. देगावच्या रानातली म्हादई पश्चिमेला गोव्यात जाऊन मांडवी होते. बारापेड्याच्या गुहेतलं रॉटनचं वटवाघूळ कितीतरी वर्षं जगात दुसरीकडे कुठे आढळलंच नव्हतं! तिथल्या भीमगडाच्या रानाला २०११ साली अभयारण्य केलं, त्याला सरकारचा कायदा आहे. आपल्या राईला फक्त देवाचा धाक आणि गावाचा शब्द. एवढ्यावर ती इतक्या पिढ्या टिकली, याचा मला फार अभिमान वाटतो.

आई, आजी गेली तेव्हा घरात माणसांचा इतका राबता होता की तुला धड रडताही येत नव्हतं. दुपारी तू एकटीच राईत जाऊन बसायचीस. परत यायचीस तेव्हा तुझा चेहरा जरा सैल झालेला असायचा. पुण्यात मन फार थकलं की मला तेच ठिकाण आठवतं. आपल्या गावात अशी जागा आहे, जिथं कुणी काही विचारत नाही, हे किती मोठं आहे!

बाबा, सभेत तुमचं ऐकतात. झऱ्याचा विषय आधी काढा. आणि आई, पाणी भरणाऱ्या सगळ्याजणींना घेऊन तूही जा. वर्गणी मी पाठवतेच, पण ती रस्त्याकडच्या मंडपासाठी, हे सर्वांसमोर सांगा.

तुमची लेक